सीताफळांच्या दिवसांत बाद झालेलं मत

कौसाबाईंवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, गारखेड्यातल्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत. अन्याय करणारी मी.

हे पत्रक असतं तर यापुढं मागण्या सुरू झाल्या असत्या. मला खरं तर पत्रकंच लिहिता येतात. कॉलेजपासून तेच केलंय. फुटपाथ, नळाचं पाणी, बसथांब्यावरचं छप्पर. पहिल्या ओळीत कुणाचं काय गेलं ते सांगायचं, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते, आणि मधे जागा उरली तर कारणं. या विषयावरही मी तीनदा पत्रक लिहायला बसले. तिन्ही वेळा मधेच थांबले, कारण कोपऱ्यावर सीताफळं आलीत आणि त्यांच्यासोबत जे सगळं आलंय ते एका पानाच्या पत्रकात मावत नाही.

आमच्याकडं या दिवसांना कुणी धड नाव दिलेलं नाही. पाऊस संपलेला असतो आणि थंडी आलेली नसते. दुपारचं ऊन टाळूत शिरतं, पण सकाळी स्कूटीवर बसलं की हातांवर काटा येतो. दौलताबादकडचे डोंगर महिनाभर हिरवेगार असतात, मग एके दिवशी जाऊन बघावं तर गवत पिवळं पडलेलं, जणू कुणी सगळ्यावरून हात फिरवून गेलं. त्या डोंगरांतून काळीपिवळी जीपच्या टपावर पाट्या बांधून सीताफळं शहरात उतरतात. पाटीत खाली पाला, त्यावर फळं, त्यावर ओलं फडकं. पेरूसारखा त्यांचा वास लांबून येत नाही. फळ नाकाशी न्यावं लागतं. मग तो येतो, गोड आणि थोडा मातकट, आणि मला त्या वासासोबत हटकून माझाच आवाज ऐकू येतो. मोठ्यानं पुस्तक वाचणारा.

कारण गेल्या वर्षीचा तो सगळा हंगाम मी वाचनालयाच्या फाटकाशेजारच्या कडुनिंबाखाली, गोणपाटावर बसून, कौसाबाईंना तीन पुस्तकं वाचून दाखवली.

कौसाबाई पन्नाशी उलटलेल्या. दौलताबादच्या खालच्या बाजूला त्यांची वस्ती. घर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचं. आता थोड्या शेळ्या उरल्यात, त्या दीर सांभाळतो, आणि कौसाबाई हंगाम बघून कधी पेरू, कधी सीताफळं घेऊन शहरात बसतात. मला त्या पहिल्या दिवसापासून 'पोरी' म्हणायच्या. मी फळ दाबून बघायला लागले तेव्हा हातावर फटका मारून म्हणाल्या होत्या, "दाबू नको पोरी, दाबून काय कळतंय? रेघा बघ. खवल्यांच्या मधल्या रेघा पांढऱ्या पडल्या की उद्या खायचं."

"आणि आज खायचं असेल तर?"

"आज उपाशी राहायचं."

त्यांनीच सांगितलं की शेळी सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही. "म्हणून तर ही झाडं डोंगरावर राहिली. बाकीचं सारं आमच्या शेळ्यांनी खाल्लं," आणि पदर तोंडाला लावून हसल्या. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली मी.

आता पुस्तकांचं सांगते. आमच्या वाचनालयाचा एक उपक्रम आहे, अख्ख्या भागानं मिळून एक पुस्तक वाचायचं. संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत. सोसायट्यांच्या जिन्यांत, महिला मंडळांत, वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, जिथं चार माणसं आहेत तिथं त्याच एका पुस्तकाबद्दल बोलायचं. ऐकायला साधं वाटतं. पण ते एक पुस्तक ठरवायचं म्हटलं की माणसांचे खरे चेहरे दिसतात. दसऱ्याच्या सुमाराला तीन पुस्तकं निवडली जातात आणि दिवाळीनंतर सभासद चिठ्ठ्या टाकून त्यातलं एक ठरवतात. सभासद कुणीही होऊ शकतं. कौसाबाई झाल्या होत्या. फाटकाशेजारीच बसायच्या, म्हणून मीच त्यांचा अर्ज भरला होता.

कौसाबाईंना पुस्तकं वाचून दाखवली त्याच्या आदल्या वर्षी मी एक गोष्ट पाहिली होती. चांगली शिकलीसवरलेली माणसं एकही पुस्तक न उघडता मत देऊन मोकळी झाली. एकानं मुखपृष्ठ बघून, एकानं लेखक ओळखीचा म्हणून, एका गृहस्थांनी तर "आमच्या हिनं वाचलंय" म्हणून. माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं, वाचनालयाच्या जिन्यात पायरी-पायरीवर चिकटवलं. न वाचता मत देणं म्हणजे न जेवता ढेकर देणं, असं काहीतरी त्यात होतं. पत्रक चाललं. सभेत नियम झाला. मसुदा मीच लिहिला होता: तिन्ही पुस्तकं वाचणाऱ्यालाच मत. सभेत वाचायच्या आधी जिन्यातच थांबून त्यात पेनानं एक शब्द घातला. 'स्वतः'. तिन्ही पुस्तकं स्वतः वाचणाऱ्यालाच. त्या गृहस्थांना आणि त्यांच्या हिला डोळ्यांसमोर ठेवून.

तो शब्द घालताना मला किती बरं वाटलं होतं ते आठवतं. खिळा बरोबर बसल्यासारखं.

गेल्या वर्षी तिन्ही पुस्तकं मला वाचायची होतीच. घरी टीव्ही चालू असतो आणि वाचनालयाचा हॉल दुपारी बंद. म्हणून मी कडुनिंबाखाली जाऊन बसायचे. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कौसाबाई म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचती? ओठ हलत्यात तुझे. जरा मोठ्यानं वाच, आम्हाला बी कळू दे."

तिन्ही पुस्तकांची नावं त्यांनी आपल्या पद्धतीनं ठेवली. जाडं, लाल आणि पातळ. जाडं म्हणजे किल्ल्यांची आणि लढायांची मोठी कादंबरी. लालचं कव्हर लाल होतं. कारखान्यातल्या कामगारांवर कसा अन्याय होतो त्याचं ते पुस्तक, ते मीच यादीत घालायला लावलं होतं. पातळ म्हणजे दुष्काळी गावातल्या दवाखान्यात नोकरी केलेल्या एका नर्सच्या आठवणी. सव्वाशे पानांचं, कागद हलका, कुणी आणलं यादीत तेही कुणाला नीट आठवत नव्हतं.

जाडं वाचताना कौसाबाई सुरुवातीला मन लावून ऐकायच्या. मग अस्वस्थ व्हायला लागल्या.

"हा राजा घोड्यावरून कधी उतरतो का नाय?"

"लढाई चालू आहे मावशी."

"लढाई असू दे. घोडं पाणी कधी पितं? तीन दिवस झाले, तू वाचायलीस, घोडं पळतंयच."

मी मागची पानं उलटून पाहिली. खरंच घोडं कुठं पाणी प्यालं नव्हतं. त्यानंतर मला ते पुस्तक कधी सरळ वाचता आलं नाही. प्रत्येक दौडीत मी विहीर शोधत राहिले.

लाल पुस्तक मी जरा जास्तच जोरात वाचलं. ते माझं होतं. त्यातली वाक्यं माझ्या पत्रकांसारखी होती, आखूड आणि धारदार. वाचताना माझी मान ताठ व्हायची. कौसाबाई फळं पुसत ऐकत होत्या. तीन-चार दिवसांनी म्हणाल्या, "खरं हाय. समदं खरं हाय. पण हा बाबा ओरडायलाय कुणावर?"

"मालकांवर."

"मालक हितं कुठं बसलाय? हितं मी बसले."

त्यांनी एक फळ उचललं, रेघा बघितल्या, परत ठेवलं. "आन एक सांगू का? ह्याच्यात कुणी जेवत नाय. कामावर जात्यात, संप करत्यात, मार खात्यात. डबा कुणीच उघडत नाय. माझा भाचा जातो ना वाळूजला. त्यो पयला डबा उघडतो, मग मालकाला शिव्या देतो."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, या बाईला पुस्तक कशासाठी असतं ते कळत नाही. मग घरी जाऊन मी ते पुन्हा चाळलं. दोनशे पानांत कुणी जेवलं नव्हतं.

आणि मग पातळ. त्या नर्सच्या दवाखान्यात पाणी नसतं. बाळंतपणासाठी ती एक कॅन भरून कपाटात कुलूप लावून ठेवते. एके दिवशी एका बाळंतिणीची आई दोन कोस चालून येते आणि दारातच बसते. तिला बोलताही येत नाही इतका घसा कोरडा. नर्स किल्लीकडं बघते. आत पोरीला कळा सुरू झालेल्या. मी तिथवर आले आणि कौसाबाईंनी हात वर केला.

"थांब. पुढं वाचू नको."

"का हो?"

"आज एवढंच. उद्या सांग काय झालं ते."

तेवढ्यात एक गृहस्थ स्कूटर रस्त्यातच थांबवून ओरडले, "मावशी, गोड आहेत का?" कौसाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. म्हणाल्या, "थांबा जरा. बाईला पाणी द्यायचं का नाय ते ठरायचंय." ते गृहस्थ गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. मग स्कूटर बंद करून खरंच थांबले.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा एक जीप आधी आल्या. पाटी उतरवायच्या आधी विचारलं, "दिलं का?" मी म्हटलं, अर्धा पेला दिला. त्यांनी मान हलवली. "अर्धाच द्यायचा असतो," म्हणाल्या, आणि पाटी खाली ठेवली. कडुनिंबाची बारीक पानं पाटीवर पडत होती आणि त्या एकेक उचलून बाजूला टाकत होत्या.

पातळ संपलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, "चिठ्ठी मला बी मिळंल ना?" मी म्हटलं, मिळेल की, सभासद आहात. "मग मी पातळाला टाकणार. तू?" मी हसले, पण सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्या रविवारी कौसाबाई पाटी भाच्याच्या भरवशावर ठेवून वर आल्या. वाचनालयाच्या पायऱ्या त्या पहिल्यांदा चढत होत्या. खालच्या नळावर दोनदा हात धुतले. सीताफळाचा चिकटपणा लवकर जात नाही. इस्त्रीचं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. चिठ्ठीवर तिन्ही नावं मी छापून घेतली होती, नुसती नावं, खुणेला चित्र नाही, रंग नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी मला दारात विचारलं, "पातळ कितवं हाय?" मी म्हटलं, तिसरं. त्यांनी तीन बोटं मोजली, तिसऱ्या ओळीवर अंगठा उठवला आणि चिठ्ठी पेटीत टाकली. टाकल्यावर पेटीच्या फटीतून आत बघितलं.

आमचे अध्यक्ष जाधव सर, निवृत्त मुख्याध्यापक. सर चिठ्ठ्या उघडत होते आणि एकेक नाव वाचत होते. लाल आणि पातळ अगदी बरोबरीनं चालले होते. मी बोटांवर मोजत होते. लाल एका मतानं पुढं असताना शेवटची चिठ्ठी आली, अंगठ्याची. सरांनी चष्मा वर केला. आवाजात कुठंही कडवटपणा नव्हता, हे मला सांगायलाच हवं.

"कौसाबाई, तिन्ही पुस्तकं तुम्ही स्वतः वाचलीत?"

"ऐकली सर. तिन्ही. समदी."

"कुणी वाचून दाखवली?"

कौसाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. नाव घेतलं नाही. नुसतं पाहिलं. आजही मला वाटतं, त्यांनी मला जागा करून दिली होती, बसमध्ये सरकून देतात तशी.

मी पेनाच्या टोपणाकडं बघत राहिले.

सर माझ्याकडं वळले. "नियम तुझा आहे बेटा. काय म्हणतो नियम?"

मी म्हणाले, "स्वतः वाचली, असं आहे."

सरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. पंखा फिरत होता, तरी ती उडाली नाही. मोजणी संपली. लाल एका मतानं जिंकलं. कौसाबाईंचं मत धरलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत निर्णायक. सरांना पातळ आवडलं होतं, महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते. म्हणजे माझं पुस्तक हरलं असतं. हे सगळं गणित त्या क्षणी माझ्या डोक्यात पूर्ण झालेलं होतं. तत्त्वासाठी गप्प बसले, एकाला सूट दिली तर उद्या सगळेच 'ऐकलं' म्हणतील, असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण आधी गणित झालं होतं, तत्त्व मागून आलं.

टाळ्या वाजल्या तेव्हा मी मागं पाहिलं. कौसाबाई जिना उतरत होत्या, कठड्याला धरून, एक पायरी, मग थांबून दुसरी.

अपमान कसा करायचा हे मला माहीत आहे असं मला वाटायचं. अधिकाऱ्यांचा केलाय, नगरसेवकांचा केलाय. त्यात आवाज चढतो, कुणीतरी टेबल वाजवतं. इतक्या शांतपणे, नियमाला धरून, पंख्याखाली बसून तो करता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

पुढं लाल पुस्तक घरोघरी गेलं. ते फ्रिजवर दिसायला लागलं, शोकेसमध्ये, एका घरात तर डायनिंग टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली. होळीच्या सुमाराला मी सलीमभाईंना गाठलं. ते वाळूजला प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर आहेत, आमच्या भागातून दुपारच्या शिफ्टला जाणाऱ्या बसमधल्या वाचन गटाचे प्रमुख. म्हटलं, कसं चाललंय पुस्तक? ते विचारात पडले. मला दुखवायचं नव्हतं त्यांना.

"अच्छी है किताब ताई. पर देखो, दिनभर मशीन चिल्लाती. बस में बैठे तो किताब बी चिल्लाती."

"मग वाचत नाही का कुणी?"

"पढते ना. दूसरी पढते. वो नर्सवाली." मग घाईनं म्हणाले, "मैं पढता जोर से, बाकी लोगां सुनते. गारखेडे से वाळूज तक. ड्रायवर बी आवाज कम करता रेडिओ का. अब किसने पढी पूछोगे तो मैं अकेलाच. पर वो पानी का किस्सा है ना, वो पूरी बस कू मालूम है."

अर्धा पेला पाणी. अख्खी बस. मी घरी आले आणि दार लावून बसले.

तेव्हाच खरं तर कौसाबाईंकडं जायला हवं होतं. गेले नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी इतर अन्यायांवर पत्रकं काढत राहिले. दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायांवर लिहिताना हात भराभर चालतो.

आणि आता पुन्हा सीताफळं आली. कडुनिंबाखाली मात्र कुणी नाही. कौसाबाई रस्त्याच्या पलीकडं बसतात, मेडिकलच्या ओट्याशेजारी, जिथं दुपारी तीननंतर थेट ऊन येतं. मी पहिल्या दिवशी लांबूनच पाहिलं. दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडला.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. "किती देऊ?"

पोरी गेली होती. मॅडम आली होती. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं, पण मी उभी राहिले. म्हटलं, "मावशी, तिकडं सावली होती. इथं कशाला?"

"हितं गिऱ्हाईक जास्त हाय."

तिथं गिऱ्हाईक जास्त नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी फडकं ओलं करून फळांवर टाकलं. मी पिशवीतून यंदाची तीन पुस्तकं काढली. "वाचू का?"

त्यांनी पुस्तकांकडं पाहिलं. एक जाडं आहे, एक मध्यम, एकाच्या कव्हरवर विहीर आहे. त्या विहिरीवर त्यांची नजर जरा थांबली.

"कायला वाचता? ऐकलेलं मोजत नाय ना तुमच्यात."

उत्तर मीच लिहून ठेवलं होतं, सही-शिक्क्यासह. मग म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मी वाचून दाखवलं होतं, हे मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. रागानं नाही. फळाची रेघ बघून सांगावं तसं. "म्या वाट बघितली. लई नाय, थोडी."

एक बाई आल्या, दोन किलो घेऊन गेल्या. कौसाबाईंनी त्यांच्यासाठी उद्या पिकणारी वेगळी आणि परवा पिकणारी वेगळी बांधून दिली. मग गोणपाट जरा ओढून माझ्याकडं सरकवला. "बसा. उन्हात उभ्या राहू नका. वाचायचं तर वाचा, मला काय. पण म्या चिठ्ठी टाकायची नाय. त्या पायऱ्यांनी गुडघं दुखत्यात."

मी बसले. विहिरीचं पुस्तक उघडलं. पाच-सहा पानं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात जेवत्यात का?" मी म्हटलं, चौथ्या पानावर भाकरी थापलीय. त्यांनी हं केलं. पण मॅडम म्हणणं सोडलं नाही. आजही सोडलेलं नाही.

हा लेख लिहायच्या आधी मी जाधव सरांकडं गेले. म्हटलं, सर, गेल्या वर्षीचं मत मोजायचंय.

"आता? बेटा, इतिवृत्त मंजूर झालं. पुस्तक वाचून झालं."

"कुणी वाचलं सर?"

सर हसले. त्यांचंही पुस्तक फ्रिजवर होतं, मला दिसत होतं. मग सांगू लागले की त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती. श्रावणात आळीत पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकणाऱ्या साऱ्याजणी. समाप्तीला प्रसाद सगळ्यांना सारखा मिळायचा. वाचणाऱ्याला जास्त आणि ऐकणारीला कमी, असं कधी झालं नाही. "आणि अध्याय चुकला तर वाचणाऱ्याला आईच थांबवायची. तिला पाठ असायचं."

मी विचारलं, "मग कौसाबाईंना का थांबवलं आपण?"

"मी नाही थांबवलं. नियमानं थांबवलं."

"नियम माझा होता सर."

सर उठले. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच घरी असते. आम्ही दोघं चालत गेलो. गेल्या वर्षीच्या फायलीत एक खाकी पाकीट होतं, त्यावर सरांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: बाद मते. अनेकवचन. आत एकच चिठ्ठी. तिसऱ्या ओळीवर निळा अंगठा, रेघा स्वच्छ उमटलेल्या. दोनदा हात धुतल्याशिवाय अंगठा इतका स्वच्छ उमटत नाही.

सर म्हणाले, अध्यक्ष एकटा इतिवृत्त बदलू शकत नाही. सभेनं ठरवावं लागेल. त्यांनी विषय पत्रिकेवर घेतलाय. पण काही सभासद आत्तापासून म्हणतायत की हा पोरखेळ आहे, एका चिठ्ठीनं आता काय बदलणार, पुस्तक काय परत गोळा करणार का. त्यांना माझं उत्तर आहे. पुस्तक परत गोळा करू नका. पायाखालून काढलंत तर टेबल हलेल. पण इतिवृत्तात आमच्या उपक्रमाच्या नावावर एक खोटा निकाल लिहिलेला आहे, आणि ज्या बाईनं ती तीन पुस्तकं आपल्या कुणाहीपेक्षा नीट वाचली तिच्या नावापुढं 'बाद' लिहिलेलं आहे. ते पुसल्याशिवाय यंदाची एकही चिठ्ठी पेटीत पडू नये.

कौसाबाई येतील की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघू. बाजार कसा हाय त्याच्यावर." त्या आल्या नाहीत तरी हे करायचंच आहे. त्यांना पुन्हा पायऱ्या चढायला लावून त्यांच्यासमोर आपण न्यायी ठरायचं, एवढं सोपं मला ते नको आहे.

तुम्ही आमच्या वाचनालयाचे सभासद असाल तर दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराला, वरच्या हॉलमध्ये या. एकटे येऊ नका. तोवर अजून दिवस आहेत. यंदाच्या तीनातलं एक तरी पुस्तक कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. भाजीवालीला, वॉचमनला, ज्यांचे डोळे गेलेत त्या तुमच्याच वडलांना. आणि त्या माणसाला हाताला धरून वर आणा. पहिला ठराव 'स्वतः' हा शब्द काढायचा असेल. दुसरा, खाकी पाकिटातली चिठ्ठी मोजायचा. ती मोजली की माझं पुस्तक हरतं. हरू द्या. सर विचारतील, ठरावाच्या बाजूनं कोण? तेव्हा हात वर करा, आणि इतिवृत्तात लिहून होईपर्यंत खाली घेऊ नका.